खुणेची कपची

फाल्गुन वद्यातल्या एका सकाळी उमाकांत सबनीसांनी रुमालात बांधून आणलेली कपची ज्ञानोबाच्या अंगणातल्या बाजेवर ठेवली, तेव्हा ज्ञानोबाने ती हातात न घेताच ओळखली.

कपची वीतभर रुंद होती आणि भाकरीइतकी जाड. तिच्या वरच्या अंगावर टाकीचे ठिपके ओळीने बसले होते; एकही ठिपका दुसऱ्याहून खोल नव्हता. उजव्या कोपऱ्यात तीन उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली एक टिंब होते. ती ज्ञानोबाच्या घराण्याची खूण. वाईकडच्या घाटांच्या पायऱ्यांवर ती त्याच्या आज्याने कोरली होती, आणि काम संपले की शेवटच्या दगडाच्या खालच्या कोपऱ्यात ती उमटवल्याखेरीज त्याच्या बापाने कधी हात धुतले नव्हते.

"ओळखलंत?" सबनीसांनी विचारले.

"व्हय."

"परवा आमच्या प्रतिमेनं नखानं उचकटली. सहा वर्षांची पोर. पापड काढावा तशी काढून माझ्या हातात आणून दिली."

"एकच?"

"एकच असती तर जीप मागून आणून इतक्या लांब आलो नसतो, ज्ञानोबा. एकोणतीस जागा मी स्वतः मोजल्या. बोटाने दाबलं की आत पोकळ वाजतं."

त्याची बायको पार्वती दारात उभी होती. तिने पदर सारखा केला आणि ती आत गेली. तिला दुष्काळी कामावर जायचे होते. मागच्या पावसाळ्यात जयपूरच्या या बाजूला पाऊस असा पडलाच नव्हता. कानोता गावापासून आत दोन कोसांवर, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या ढाणीतली, म्हणजे वीस-बावीस घरांच्या वस्तीतली, बाया-माणसे आग्रा रस्त्याच्या कडेला बसून सरकारी कामावर खडी फोडत होती. ज्ञानोबा तेवढा गेला नव्हता. लढाईच्या काळात लष्करी बांधकामासाठी ठेकेदाराने साताऱ्याकडून चाळीस पाथरवट आणले, त्यांतला तो एक. बाकीचे परतले; तो राहिला. पाथरवटाने खडी फोडणे म्हणजे सोनाराने जोडे शिवणे, असे तो म्हणे, आणि बायकोने डोक्यावर पाटी घेतली की दुसरीकडे बघे.

सबनीस बाजेच्या कडेवर टेकले. ते केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी होते. बदलीने जयपुरात आलेल्या मराठी कुटुंबांनी सी-स्कीम या वस्तीत एक लहानसे वाचनालय बांधायला घेतले होते आणि बांधकाम-समितीचे चिटणीसपद सबनीसांकडे होते. वाचनालयाच्या दर्शनी जोत्याला, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना, कमरेएवढ्या उंचीपर्यंत या टेकडीतला हिरवट-करडा, अभ्रकाची झाक मारणारा, थराथरांचा पदरी दगड लावायचा, ही कल्पना त्यांचीच. दिवाळीपूर्वी ज्ञानोबाने ते काम पुरे केले होते.

"दिवाळीत तुम्हीच म्हनला हुता सायेब, ठिपके मोत्यावानी दिसत्यात म्हनून."

"म्हणालो होतो. मी आकड्यांतला माणूस. मला मोती काय आणि दगड काय! तुम्हाला कळायला हवं होतं." सबनीसांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर ज्ञानोबाला बरे वाटले असते. "समितीतले सहाजण जयपूरचा मिस्त्री घ्या म्हणत होते. मी म्हटलं, आपला माणूस आहे. आता तेच मला विचारतात, 'सबनीस, तुमचा माणूस कुठे आहे?' आपला होता, तो माझा एकट्याचा झाला."

"आता काय म्हनत्यात?"

"सिमेंटचा गिलावा करा आणि वर चुना फासा. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन ठरलं आहे. माझी नागपूरला बदली झाली आहे, ज्येष्ठात जाईन. त्याआधी ती भिंत मला नीट झालेली बघायची आहे." ते उठले. "दगडाचे पैसे समिती पुन्हा देणार नाही. मजुरीही नाही. हे तुम्हाला स्पष्ट सांगतो."

"मागितली न्हाय."

"गिलावा झाला तर पुढे सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांची कामं तुम्हाला कोण देईल, हे मला सांगता येणार नाही."

जीप धूळ उडवीत गेली. कपची बाजेवरच राहिली. संध्याकाळी खडीवरून परतलेल्या पार्वतीने ती उचलून उलटसुलट पाहिली आणि पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवून दिली. जुने झाकण बकरीने फोडले होते.

"त्येच सापडलं व्हय तुला?" ज्ञानोबा म्हणाला.

"मग काय देव्हाऱ्यात ठिवू? बरूबर बसतंय."

ज्ञानोबाने पाणी घेतले आणि झाकण परत ठेवताना खूण खाली, पाण्याकडे, येईल असे उलटे ठेवले. त्या दिवसापासून तो पाणी प्याला की झाकण उलटे होई, आणि पार्वती प्याली की सुलटे.

*

खाण टेकडीच्या पोटात होती आणि खाणीवरचा म्हातारा देवराम आठ वर्षांचा असल्यापासून तिथे होता. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते. दगड तो उजव्या डोळ्याने कमी आणि कानाने जास्त पाही. ज्ञानोबा आला तेव्हा तो बिडी विझवून उठला.

"बोला था, मिस्तरीजी, टाँकी मत लगाना."

"बोला था," ज्ञानोबाने कबूल केले. इतक्या वर्षांनंतरही त्याची हिंदी चार-सहा वाक्यांपलीकडे गेली नव्हती.

"आपने कहा, नंगा पत्थर दीवार में कैसे लगाऊँ, लोग हँसेंगे." देवराम हसला, पण हसण्यात वार नव्हता. "पत्थर ने पानी पिया, धूप खाई, और उठ के चल दिया."

ज्ञानोबाचा हात काळ्या पाषाणावर घडला होता. त्या पाषाणाला पदर नसतो, डावे-उजवे नसते. तो सगळीकडून सारखा कठीण असतो. त्याच्यावर टाकी चालवावी तितका तो खुलतो, आणि टाकी न लागलेला दगड हा अर्धवट राहिलेला दगड असतो. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे वाक्य ज्ञानोबाने बापाकडून ऐकले ते उपदेश म्हणून नव्हे. हवेत गारवा आहे असे म्हणावे, तसे ते त्या घरात बोलले जाई. म्हणून देवरामने पदर सोडवून दिलेल्या लाद्यांच्या तोंडावर त्याने दीड महिना बसून ठिपके काढले होते. प्रत्येक ठिपक्याखाली दगड आतल्या आत दुखावला. पौषातला हिवाळी पाऊस, इकडची मावठ, त्या दुखऱ्या जागांतून आत शिरला, माघातल्या उन्हाने पदर उचलले. दगडाने काही लपवले नव्हते. त्याचा स्वभाव निराळा होता, आणि ज्ञानोबाने तो विचारला नव्हता.

चार दिवस दोघांनी पहारीने खालचा थर मोकळा केला. वरचा थर उन्हाने मेलेला होता. चांगला दगड ढिगाऱ्याखाली, ओलाव्यात होता. चौदा ठोकळे निघाले. त्यापुढे टेकडीचा कडा कलला होता आणि खाली काम करणे धोक्याचे झाले होते.

"चौदा," देवराम म्हणाला. "पंद्रहवाँ मत माँगना. और सुनो, गीला रखना. सूख गया तो नहीं खुलेगा. पत्थर में खान का पानी है, वो उड़ा तो पर्त पर्त को पकड़ लेगी."

उंटगाडीतून ठोकळे अंगणात आले. त्यांवर गोणपाट टाकले गेले, आणि त्या दिवसापासून ज्ञानोबाच्या तीन माणसांच्या घरात एक चौथा तहानेला आला.

ढाणीत विहीर एकच होती. गुढीपाडव्याच्या आसपास पंचांनी बसून ठरवले की घरटी दिवसाला दोन घडे, गुरांना वेगळे; कपडे धुणे आठवड्यातून एकदा. दगडाची तरतूद कोणी केली नव्हती. पार्वती विहिरीवर गेली की बायका विचारीत, "क्यों भाभी, तेरे पत्थर ने आज रोटी खाई?" ती हसून वेळ मारून नेई. घरी आल्यावर तांदूळ धुतलेले पाणी गोणपाटावर जाई, भांडी विसळलेले पाणी जाई, हातपाय धुतलेले पाणी परातीत धरले जाई आणि तेही जाई. अंघोळी बंद झाल्या. ज्ञानोबाच्या दाढीचे खुंट वाढले. पार्वतीच्या केसांत खडीची पांढरी भुकटी बसली ती निघेना. सुमनच्या टाचांना चिरा पडून रक्त येऊ लागले.

सुमन त्यांची एकुलती मुलगी, सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिची मराठी घरापुरती होती आणि तिच्यात हिंदी खड्यांसारखी लागे. लहानपणापासून ती देवरामच्या खाणीवर भाकरी पोचवायला जाई आणि म्हातारा काम करीत असता समोर बसून राही. परंतु पाथरवटाच्या घरात हत्याराला बाईने हात लावायचा नसतो. दसऱ्याला टाक्या, हातोडे, गुण्या, ओळंबा पाटावर मांडले जात तेव्हाही पार्वती हळदकुंकू लांबून टाकी. सुमनने ठोकळे वाहिले होते, पाटी उचलली होती, कपच्या झाडल्या होत्या, पण लोखंडाला हात लावला नव्हता.

पहिला ठोकळा ज्ञानोबाने पायात धरला, कडेच्या रेषेवर छिन्नी ठेवली आणि हातोडा मारला. ठोकळा उघडला, पण सरळ नाही. निम्म्यावर जाऊन तिरपा फुटला. दुसऱ्याचे तीन तुकडे झाले. तिसऱ्याची एक लादी निघाली, ती हातात घेताच मोडली.

दाराशी गोणपाट भिजवीत असलेली सुमन म्हणाली, "आबा, हलकं. मतलब... मारायचं नाही. थापटायचं. चारी बाजूंनी थोडंथोडं."

"मला शिकवू नगंस. जा, भाकरी थापट."

"भाकरीपण मारली तर फाटतेच ना."

आत पार्वतीला हसू आले. ते तिने खोकल्यात लपवले. ज्ञानोबाने चौथा ठोकळा ओढला नाही. हातोडा मांडीवर आडवा ठेवून तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. बोटांची पेरे गाठाळली होती, अंगठ्याचे नख उभे फाटलेले होते. हाच हात आत्तापर्यंत त्याला कधी खोटा वाटला नव्हता.

"आत्ता ऱ्हाऊ द्या," पार्वती बाहेर येऊन म्हणाली. "हात भरून आलाय तुमचा."

"हात नव्हं," तो म्हणाला, आणि त्याने हातोडा खाली ठेवला.

अकरा ठोकळे गोणपाटाखाली उरले.

*

दोन दिवसांनी निरोप आला: समितीची बैठक आहे, ज्ञानोबाने हजर राहावे. चैत्र निम्मा सरला होता. तो पहाटे निघाला, आग्रा रस्त्यावर त्याला मोटार मिळाली, आणि नऊ वाजता तो वाचनालयाच्या पायऱ्यांशी पोचला. बैठक साडेनऊची होती.

त्याला आत बोलावले नाही. पायऱ्यांच्या खाली, आपल्याच भिंतीला पाठ लावून तो बसला. ऊन वर आले तशी भिंत तापली. त्याच्या मानेच्या हालचालीसरशी एक कपची सुटून त्याच्या खांद्यावर पडली, तेव्हा तो भिंतीपासून हातभर दूर सरकला. आत पंखा फिरत होता. खिडकीतून बोलणे ऐकू येत होते. कोणी दिवेकर नावाचे गृहस्थ बँकेत होते आणि त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

"अहो, गिलावा करा आणि मोकळे व्हा. दगडाची हौस आपल्याला परवडणारी नाही."

"हौस नाही," सबनीस म्हणत होते. "या जागेतला दगड या जागेच्या इमारतीला लावणं ही हौस नव्हे. ती मुळात योग्य गोष्ट आहे, आणि ती चुकीच्या हाताने झाली म्हणून अयोग्य ठरत नाही."

"हात तुम्हीच आणला होतात."

यावर कोणीतरी हसले. सबनीस हसले की नाही, हे बाहेर समजले नाही.

साडेअकराला सबनीसांच्या पत्नी रमाबाई शेजारच्या आपल्या घरून चहा घेऊन आल्या. समितीचा चहा आत गेला. ज्ञानोबाचा चहा कान तुटलेल्या कपात होता. तो कप त्यांनी हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. "कप विसळून तिथेच पालथा घाला हं," त्या सौम्यपणे म्हणाल्या. त्याने कोपऱ्यातल्या नळाखाली कप विसळला. नळातून पाणी दंडाएवढ्या धारेने पडत होते. तो कप धुऊन झाल्यावरही क्षणभर ती धार पाहत राहिला, मग त्याने घाईघाईने तोटी पिळून बंद केली.

एकच्या सुमारास त्याला आत बोलावले. कोणी बसा म्हटले नाही. बसायला दुसरी जागाही नव्हती.

"अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस," दिवेकर म्हणाले. "त्या दिवशी भिंत उभी नसेल तर दुसऱ्या दिवशी गिलावा. होणार आहे का तुमच्याकडून? खरं सांगा."

ज्ञानोबाने सबनीसांकडे पाहिले. सबनीस टेबलावरच्या कागदाकडे पाहत होते.

"हुईल," तो म्हणाला. हे उत्तर खोटे आहे असे त्याला वाटत होते, आणि त्याने आयुष्यात कामाविषयी दिलेले ते पहिले खोटे उत्तर होते.

परतीची मोटार कानोत्यालाच थांबली. उरलेले दोन कोस तो चालला. वारा नव्हता, रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग उन्हात पांढरे पडले होते. एका ढिगाजवळ तो थांबला. तिथे कोणाची तरी खडी फोडायची सुतकी पडली होती, लाकडी दांडा घामाने काळा पडलेला. उद्या-परवा आपल्याला इथेच बसायचे आहे, हे त्याने त्या क्षणी मनाशी मान्य केले. मान्य केल्यावर चालणे सोपे झाले.

*

दिवस कलता कलता तो अंगणात शिरला आणि जागीच उभा राहिला. गोणपाट कुंपणावर वाळत घातले होते. ते कोरडेठक्क होते. वाऱ्यावर पत्र्यासारखे वाजतील असे.

"पानी घातलं न्हाईस?" तो ओरडला.

पार्वती चुलीपासून उठली. "इहीर बसली आज. घागर चिखलानं भरून आली. पंचांनी घरटी एकच घडा दिला. दुपारी निम्मा तुमच्या दगडांवर वतला. निम्मा ठिवलाय, त्यो माणसांचा हाय. दगडांचा न्हाय."

"मग वाळलं सगळं."

"वाळलं न्हाय," पार्वती म्हणाली, आणि मुलीकडे पाहून थांबली. "तूच सांग. केलंयस तू, तोंड पन तूच उघड."

सुमन भिंतीजवळ उभी होती. तिच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधल्या होत्या आणि एका चिंधीतून रक्त आले होते. तिच्या मागे, घराच्या सावलीत, लाद्या उभ्या रचल्या होत्या. एकीवर एक टेकवून, मधे गवताच्या काड्या घालून, जशा देवराम रची तशा. बोटभर जाडीच्या, हिरवट-करड्या. मावळत्या उन्हात अभ्रक लकाकत होते.

"मी सकाळी गोणपाट उचलले तर कडा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत थांबले असते तर... मतलब, काहीच उरलं नसतं, आबा. मी देवरामकाकांकडे गेले. त्यांनी त्यांची पट्टी दिली. ती मोटारीच्या कमानीची असते ना, पातळ, ती. तुमच्या लोखंडाला हात लावला नाही."

"अकरा?"

"अकरा."

"देवराम आलता?"

"येऊन बसले होते. हात नाही लावला त्यांनी. चुकलं की खोकायचे."

ज्ञानोबा खाली बसला. त्याने पहिली लादी उचलली, दोन बोटांवर तोलली आणि उजव्या हाताच्या बोटाने तिच्या मध्यावर टिचकी मारली. लादी वाजली. कांस्याच्या वाटीसारखा स्वच्छ, लांबणारा नाद निघाला. त्याने दुसरी उचलली. तिसरी. पार्वतीने चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. लाद्यांमागून लाद्या वाजत गेल्या आणि अंगणात दुसरा आवाज नव्हता. कुंपणापाशी शेवटच्या दोन लाद्या वेगळ्या पडलेल्या होत्या. त्याने त्या वाजवल्या. त्या बद्द वाजल्या.

"या दोन फुकट हायेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही सापडल्याचे समाधान होते.

"म्हणून तर बाजूला ठेवल्यात," सुमन म्हणाली.

मग त्याने पाणी मागितले. पार्वतीने लोट्यात अर्धे पाणी आणले.

"एवढंच हाय. बाकीचं तुमच्या दगडानं पिलं."

त्याने दोन घोट घेतले आणि लोटा सुमनपुढे धरला. तिच्या हातांना चिंध्या होत्या, म्हणून तिला तो धरता येईना. तेव्हा त्याने स्वतः लोटा वर धरला आणि तिच्या तोंडात धार सोडली.

*

जुनी भिंत त्याने आपल्या हातांनी उतरवली. आठ दिवस लागले. प्रत्येक लादी चुन्यातून सोडवताना तिच्यावरचे ठिपके त्याच्या बोटांखालून जात, आणि कुठला ठिपका कुठल्या दिवशी घातला हेही त्याला आठवे: हा दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा, हा ताप होता तेव्हाचा. उतरवलेल्या लाद्या उंटगाडीत पडत. गाडीवानाने विचारले, हे कुठे टाकायचे. देवरामने सांगितले, रस्त्यावर, खडीला. पार्वतीच्या पाळीला ते दगड आले की नाही हे कोणी विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

नव्या लाद्या लावायला तो सुमनला बरोबर घेऊन गेला. पहिल्या दिवशी दिवेकर सायकलवरून उतरले आणि पाहत उभे राहिले.

"मिस्त्री, ही पोरगी इथे काय करते आहे?"

"काम," ज्ञानोबा म्हणाला.

"बाई माणूस भिंत बांधतं?"

"भिंत मी बांदतोय. दगुड तिचा हाय."

दिवेकर सायकलवर चढले आणि गेले. सुमन लाद्या निवडी, एकीची कड दुसरीच्या कडेला जुळवून पाही, उन्हाकडे धरून रंग पाही आणि पुढे करी. ज्ञानोबा चुना-सुर्खी पसरून लादी बसवी, ओळंबा लावी आणि लाकडी ठोकळ्याने कडेकडेने थापटी. तो मध्यावर हात घालू लागला की सुमन खोकत असे. दुसऱ्यांदा खोकली तेव्हा त्याने मान वर केली.

"देवराम शिकवून गेला व्हय तुला ह्ये?"

"घसा बसलाय, आबा."

"घसा बसलाय म्हनं," तो पुटपुटला. पण त्याने हात कडेला नेला.

ठरल्या दिवसाच्या आदल्या दुपारी शेवटची लादी उजव्या कोपऱ्यात, पायरीच्या लगत, बसली. सबनीस कचेरीतून परस्पर आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. दगडाचे अंग जसे पदरातून सुटले तसेच होते: कुठे लाटेसारखे हेलावलेले, कुठे सपाट, कुठे हिरव्यात तांबूस रेघ उमटलेली. त्यांनी बोटाने दाबून पाहिले. दहा ठिकाणी, वीस ठिकाणी. नखही लावून पाहिले.

"टाकी लावायची राहिली आहे का?" त्यांनी जरा संकोचून विचारले.

"न्हाय. झालं काम."

"आणि तुमची खूण?"

सवयीने ज्ञानोबाचा हात पिशवीकडे गेला होता आणि टाकी त्याच्या मुठीत आली होती. तो शेवटच्या लादीपुढे उकिडवा बसला होता. टोक दगडावर टेकले. सुमन खोकली नाही. ती तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागली. ज्ञानोबाने टोक तसेच क्षणभर ठेवले. नंतर त्याने टाकी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पिशवीत खाली, सर्व हत्यारांच्या तळाशी, ठेवली.

"ह्या दगडाला खूण सोसत न्हाय, सायेब."

"मग काम कोणाचं, हे पुढे कळणार कसं?"

"इचारणारा इचारंल. न्हाय इचारलं तर भिंत हाय की."

सबनीसांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसले आणि तो घडी करून पुन्हा खिशात ठेवला. जाताना त्यांनी रमाबाईंना हाक मारून दोन कप चहा आणायला सांगितले, आणि तो येईपर्यंत ते पायरीवर, ज्ञानोबाच्या शेजारी, बसून राहिले. दोन्ही कप कानाचे होते. सुमनसाठी तिसरा कप नव्हता. ज्ञानोबाने आपला तिच्यापुढे सरकवला.

*

ढाणीत पोचेपर्यंत ऊन उतरले होते. विहिरीत दोन हात खाली नवा झरा लागला होता, म्हणून पुन्हा घरटी दोन घडे मिळत होते. पार्वती खडीवरून येऊन पाय पसरून बसली होती.

"पुरं झालं?" तिने विचारले.

"झालं."

"गिलावा?"

"न्हाय."

तिने मान हलवली आणि पिंढऱ्या चोळू लागली. "सांगा की मग काय म्हनला त्यो सायेब."

"काय म्हनायचा? चहा पाजला."

"माझ्यासाठी आनायचा न्हाय का कानोत्यातनं?"

"निवून गेला असता," सुमन म्हणाली, आणि पार्वतीने तिच्या दिशेने लहानसा खडा भिरकावला.

ज्ञानोबाने पिशवी खुंटीला अडकवली. देवरामची पट्टी त्याने आतून काढली आणि सुमनच्या हाती दिली. "सकाळी म्हाताऱ्याला परत दे. लोहाराकडं जाऊन आपली दुसरी घडवून घिऊ. तुझ्या हाताच्या मापानं."

सुमनने पट्टी घेतली. पार्वतीने पिंढऱ्या चोळणे थांबवले नाही.

मग तो माठाशी गेला. पार्वती शेवटी प्याली असावी. कपचीवरच्या तीन रेघा आणि टिंब वरच्या अंगाला होते. त्याने झाकण उचलले, लोटा बुडवला आणि उभ्यानेच, मान मागे टाकून, सावकाश पाणी प्याला. हाताच्या पाठीने ओठ पुसून त्याने ती कपची माठाच्या तोंडावर परत ठेवली. खूण वरच राहिली.